पेन्सिलीवर पेन

रंगपंचमी होऊन चार दिवस झाले, की माळव्यातल्या कॉलेजांना प्रॅक्टिकलचे दिवस लागतात. मुलं येतात तेव्हा त्यांच्या कानांमागे हिरवा रंग अजून चिकटलेला असतो, आणि तासाभरात बोटं सॅफ्रॅनिनने गुलाबी होतात. सॅफ्रॅनिन म्हणजे देठाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली नीट दिसावेत म्हणून वापरायचा रंग. संध्याकाळी कपडे धुताना कुठला डाग सणाचा आणि कुठला परीक्षेचा, हे त्यांच्या आयांना कळत नसणार. बाहेर पळस फुललेला असतो, इकडे त्याला खाखरा म्हणतात. गव्हाच्या शेतांत हार्वेस्टर फिरत असतात, त्यांचा भुसा खिडकीतून आत येऊन टीपकागदावर बसतो. आणि आत एखादी मुलगी हातात ब्लेड धरून सूर्यफुलाच्या देठाचे काप करत असते. "घबराना नहीं बेटा," मी म्हणते. ती आणखी घाबरते.

वनस्पतिशास्त्र शिकवायला लागून मला तीस वर्षं होऊन गेली. त्यांतली बरीच वर्षं मी ह्या दिवसांची वाट पाहायचे. वर्गात फळ्याकडे तोंड करून उतरवून घेणारी मुलं ह्या चार दिवसांत पहिल्यांदा माणसांसारखी दिसतात. कुणाचा हात हलका आहे, कोण शेजारणीच्या स्लाइडमध्ये डोकावतो, कोणाला फुलाचं नाव येत नाही पण ते कोणत्या बांधावर उगवतं ते येतं, सगळं कळतं. आता मात्र फाल्गुन लागला की मला हा महिना कॅलेंडरातून काढून टाकावासा वाटतो. यंदाही तसंच वाटलं, आणि त्यात विद्यापीठाचं पत्र आलं. बागलीच्या कॉलेजात बाह्य परीक्षक म्हणून जायचं. आंतरिक परीक्षक: डॉ. संतोष जाधव.

मी पत्राची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि दोन दिवस तिकडे पाहिलं नाही. नाही म्हणायला कारणं भरपूर होती. ऊन आहे, गुडघा दुखतो, निवृत्तीला वर्ष उरलंय, तरुण कोणाला तरी पाठवा. पण कळवलं नाही काहीच.

संतोष माझा विद्यार्थी. आठ वर्षांपूर्वी ह्याच दिवसांत मी त्याची जागा घेतली. त्याला उठवून त्या खुर्चीवर बसले. हे असं सरळ लिहायला मला आठ वर्षं लागली.

माझी पहिली नेमणूक धारची. तलावाजवळ एक खोली घेऊन मी तिथे राहायचे आणि शनिवारी इंदूरवरून बस बदलत देवासला घरी यायचे. घरी म्हणजे नानांकडे, माझ्या वडिलांकडे. आई लवकर गेली, मी लग्न केलं नाही, आणि आम्ही दोघं एकमेकांच्या तक्रारी ऐकत मजेत होतो. धारला तेव्हा प्रॅक्टिकल होळीच्या आसपास असायचं, त्यामुळे तारीख काढताना आधी भगोरियाचे हाट कधी आहेत ते बघायचं. होळीआधीच्या त्या आठवड्यात आदिवासी मुलं ढोल घेऊन आपापल्या गावच्या हाटाला जाणार म्हणजे जाणारच, मग परीक्षक परगावचा असो की परलोकातला. पहिल्या वर्षी मला हे ठाऊक नव्हतं. मी भगोरियाच्या बरोबर मधल्या दिवशी परीक्षा ठेवली आणि बाह्य परीक्षकांसोबत रिकाम्या प्रयोगशाळेत बसून दोनदा चहा प्यायले.

संतोष त्या मुलांतला नव्हे. तो बागलीकडच्या एका खेड्यातल्या मराठा घरातला, धारला मामाकडे शिकायला राहिलेला. मी त्याला नीट पाहिलं ते मांडूच्या सहलीत. मांडूला खुरासानी चिंचेची, म्हणजे गोरखचिंचेची, ती अगडबंब झाडं आहेत, खोड असं की दहा मुलांनी हात धरले तरी वेढा पुरा होत नाही. मी घेर मोजायला सांगितला. बाकीच्यांनी अंदाजे आकडे लिहिले आणि चिंचा विकत घ्यायला पळाले. हा पठ्ठ्या टेप घेऊन झाडाभोवती फिरत राहिला, शेवटी टेप कमी पडली तेव्हा आपला गमछा जोडला, आणि वहीत लिहिलं: सव्वाचार टेप अधिक एक गमछा. मी त्याला सगळ्यांसमोर झापलं. मग त्याच्या त्या प्रयोगाला पूर्ण गुण दिले.

पुढे तो माझ्याच हाताखाली पीएच.डी. झाला. एकदा त्याने मला विचारलं होतं, "मॅडम, घरवाले बोलतात पटवारीचा फॉर्म भर. काय करू?" मी म्हणाले, शिकवण्यासारखी दुसरी नोकरी नाही. ते मी खोटं बोलले नव्हते. फक्त मी ते पक्की नोकरी खिशात असताना बोलले होते.

कारण तोवर कॉलेजांत पक्क्या जागा भरणं जवळजवळ थांबलं होतं. आमच्या मध्य प्रदेशात कंत्राटावरच्या प्राध्यापकाला 'अतिथी विद्वान' म्हणतात. नाव असं की आरती ओवाळावी. पण तो ज्या जागेवर शिकवतो ती जागा सरकारी कागदात रिकामीच राहते. तो तिथे एक वर्ष शिकवो की दहा वर्षं. हजेरीचं रजिस्टर वेगळं, मानधन जितके दिवस येईल तितक्याच दिवसांचं. आणि कुणी नियमित प्राध्यापक बदली होऊन त्या जागेवर आला, की अतिथी विद्वान त्याच दिवशी 'फॉलन आउट'. हा शब्द कागदावरसुद्धा असाच लिहितात. मग त्याने पुन्हा फॉर्म भरायचा, पुन्हा कॉलेजं निवडायची, आणि कुठे जागा रिकामी निघते का याची वाट पाहायची.

हे सगळं मला पाठ होतं. स्टाफरूममध्ये आम्ही त्यावर हळहळायचो. नियमितांचं टेबल पंख्याखाली आणि अतिथींचं दाराजवळ, असं काही कोणी ठरवलेलं नव्हतं, पण तसंच असायचं. चहाच्या वेळी आम्ही पंख्याखालून म्हणायचो, "बेचाऱ्यांवर फार अन्याय होतो हो." आणि मग नव्या वेतनश्रेणीच्या फरकाबद्दल बोलायला लागायचो.

एका शनिवारच्या आधी नानांचा फोन आला. नाना जुन्या पद्धतीचं मराठी बोलायचे. आमचे पणजोबा देवासच्या थोरल्या पातीत, म्हणजे संस्थानाच्या थोरल्या शाखेत, दरबारी कारकून होते, आणि नानांना अजून वाटायचं की आपण तिथलीच भाषा सांभाळून ठेवली आहे. "अगं वसू, तुझा तो जाधव भेटला टेकडीखाली. वाकून नमस्कार केलान. म्हणाला, आता इथेच आलोय, आपल्या घराजवळच्याच कॉलेजात, वनस्पतिशास्त्राला मीच आहे. पेढ्यांचा पुडा देऊन गेला हो घरी येऊन. फार गुणी पोर."

मला बरं वाटलं. देवासला सरकारी कॉलेजं एकाहून जास्त आहेत, आणि संतोष त्यांतल्या दुसऱ्याच एका कॉलेजात अतिथी विद्वान होता, एवढंच मला आधी माहीत होतं. वाटलं, चला, घराजवळ ओळखीचं कोणी झालं. संतोषने स्वतः मला काही कळवलं नव्हतं. मीही फोन केला नाही, कारण शनिवारी भेटेलच असं वाटलं. पण त्या शनिवारी मी पोचले ती थेट दवाखान्यात. नानांची उजवी बाजू गेली होती. वाचा निम्मी गेली होती. शेजारच्यांनी हलवलं होतं त्यांना.

त्यानंतरचे महिने मी बसमध्येच काढले असं वाटतं. मधल्या दिवसांसाठी बाई ठेवली होती, पण नाना तिच्या हातून जेवत नसत. संतोष मधल्या वारीच त्यांना बघून जायचा, त्यामुळे आमची गाठ पडली नाही. मी शनिवारी येऊन भात भरवला की दाढीवर ओघळ येईपर्यंत खायचे. मग बदल्यांचे फॉर्म निघाले. संगणकावर यादी उघडायची, विषय निवडायचा, की कुठल्या कॉलेजात जागा आहे ते दिसतं. देवासच्या सगळ्या कॉलेजांत एकच जागा दिसली. घराजवळच्या कॉलेजात, वनस्पतिशास्त्र, रिक्त.

संगणकाला तिथे कोणी बसलेलं दिसत नव्हतं. मला दिसत होतं. मी त्या ओळीकडे किती वेळ पाहत बसले होते ते सांगता येणार नाही, पण शेजारी ठेवलेला चहा गार झाला होता. एक फोन करायला हवा होता. केला असता तर संतोष म्हणाला असता, "या ना मॅडम, माझं काय, मी कुठेपण जाईन." हे त्याच्या तोंडून ऐकायची लाज वाटली म्हणून मी फोन केला नाही. आणि कदाचित तो असं म्हणणार नाही, काहीच न बोलता गप्प राहील, ह्याची भीती वाटली म्हणूनही केला नाही. मी स्वतःला सांगितलं की ह्या जागेवर आज ना उद्या कोणीतरी येणारच आहे. मग बटण दाबलं.

आदेश अडकत अडकत फाल्गुनात निघाला. मी रुजू व्हायला गेले तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते. प्राचार्यांनी माझं पत्र घेतलं, चहा मागवला, आणि ऑफिसातल्या कारकुनाला हाक मारून सांगितलं, "जाधव जी का कागज़ भी बना दीजिए." हे ते काही वाईटपणाने बोलले नाहीत. रुजू होण्याच्या पत्रासोबत कार्यमुक्तीचं पत्र निघतंच, तसं त्यांनी सांगितलं. मी चहा अर्धा टाकून बाहेर आले. व्हरांड्यात बाबूलाल, लॅब अटेंडंट, स्टुलावर बसून सूर्यफुलांचे देठ पाण्यात ठेवत होता, आणि शेजारच्या वर्गातून संतोषचा आवाज येत होता.

त्याने दारातून मला पाहिलं आणि खडू हातात तसाच ठेवून बाहेर आला. वाकून पाया पडला. "मॅडम! तुम्ही! अरे वा, मला कुणी बोललंच नाही. नानांची तब्येत? मी मागच्या हप्त्यात जाऊन आलो, झोपले होते." मग त्याची नजर माझ्या हातातल्या फाइलवर गेली. त्याला सगळं समजायला फार वेळ लागला नाही. अशा फाइली त्याने पाहिल्या होत्या.

"बॉटनीवर?" त्याने विचारलं.

"हो रे."

"अच्छा." त्याने बोटांवरची खडूची भुकटी झटकली. "अच्छा किया मॅडम. नानांना गरज आहे तुमची." मग म्हणाला, "दोन मिनट हां. क्लास चालू आहे, मुळांचा दाब अर्धा राहिलाय. तेवढं पुरं करून येतो."

आणि तो आत जाऊन शिकवायला लागला. पाणी मुळांतून वर कसं चढतं ते त्याने पूर्ण सांगितलं, आकृती काढली, एका मुलाने शंका विचारली तिचं उत्तर दिलं, उद्या चाचणी आहे असं कोणी म्हणालं तर "उद्याचं उद्या" म्हणाला. मी दाराबाहेर भिंतीला टेकून ते सगळं ऐकलं. माझ्या नोकरीत मी कुणाचा तास इतका मन लावून ऐकला नाही. बाबूलाल देठ ठेवता ठेवता हळू म्हणाला, "मैडम जी, संतोष भिया तो गए अब. फॉलन आउट."

चार दिवसांनी प्रॅक्टिकल होतं. मला कुठल्या कपाटाची कुठली किल्ली तेही माहीत नव्हतं, आणि मुलांपैकी एकाचंही नाव. दुसऱ्या दिवशी मी आठ वाजता गेले तर संतोष आधीच आलेला. ओल्या रुमालात वाटाण्याची फुलं, मोहरी, धोत्रा, जास्वंद, सगळं गुंडाळून आणलेलं. मी म्हणाले, "अरे, तुला आता यायची..." तो म्हणाला, "मुलांचं साल आहे मॅडम. तुम्ही टेन्शन नका घेऊ, मी सगळं जमवून ठेवतो." चारही दिवस तो आला. त्या दिवसांची हजेरी त्याची कुठल्याच रजिस्टरात नव्हती.

परीक्षेच्या आदल्या दिवशी त्याने मला मुलांची यादी दिली. वर्षभराच्या कामाचे गुण त्याने पेन्सिलीने मांडले होते, आणि काही नावांपुढे बारीक अक्षरात हिंदीत शेरे होते. 'हिचे काप उत्तम, पण बोलत नाही, व्हायव्हात घाई नको.' 'ह्याच्या वडिलांचा अपघात झाला, डिसेंबरात आला नाही, फाइल खरी आहे.' 'हा सगळं रटतो, उलटं विचारा.' पेन्सिलीने का, म्हणून मी विचारलं नाही, कारण ते आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं. अतिथी विद्वान गुण पेन्सिलीने भरतो आणि नियमित प्राध्यापक त्यावर पेन फिरवून सही करतो. कुठल्या नियमात लिहिलंय हे, मला अजून सापडलेलं नाही. धारला मीही ह्या पद्धतीने कितीतरी याद्या पुऱ्या केल्या होत्या आणि कधी मनात काही आलं नव्हतं. त्या दिवशी मी प्रत्येक आकड्यावर पेन फिरवलं. एकही बदलला नाही. शेवटी खोडरबराने त्याचे शेरे पुसले, आणि आंतरिक परीक्षक म्हणून सही केली.

बाह्य परीक्षकाला दाल-बाफले जेवू घालण्याची आमच्याकडे रीत आहे. बाफले उकडून, भाजून, तुपात बुडवलेले. ते खाल्ल्यावर परीक्षक दुपारच्या तुकडीला कठीण प्रश्न विचारू शकत नाही, हा त्यातला खरा हेतू असावा. त्या दिवशीही प्राचार्यांच्या खोलीत ताटं मांडली. व्यवस्था संतोषने केली होती. मी त्याला बसायचा आग्रह केला तर म्हणाला, "माझं झालं मॅडम, मी घरून जेवून आलोय." नंतर बाबूलालकडून कळलं की दोघांनी मागच्या पायरीवर बसून सेव-परमल, म्हणजे शेव-कुरमुरे, खाल्लं. परीक्षक जाताना म्हणाले, "मैडम, आपके बच्चे बहुत अच्छे तैयार हैं." मी 'धन्यवाद' म्हणाले. दुसरं काय म्हणायचं होतं, आणि कोणाला? संतोष तिथे नव्हता. तो सूक्ष्मदर्शक पुसून डब्यांत भरत होता.

दरवर्षी आम्हाला आपलंच मूल्यमापन लिहून द्यावं लागतं. फॉर्ममध्ये रकाने असतात. वर्षभरात काय शिकवलं, काय योगदान दिलं, विभागाची उल्लेखनीय कामगिरी कोणती. त्या वर्षी मी लिहिलं: प्रायोगिक परीक्षेचा निकाल उत्कृष्ट, बाह्य परीक्षकांची प्रशंसा. प्राचार्यांनी त्याखाली 'उत्तम' असा शेरा मारला. त्या शेऱ्याची प्रत अजून माझ्या फाइलमध्ये आहे.

एरवी ह्या फॉर्मची मी थट्टाच करत आले. आमचं काम आता काय आहे हे त्यात बरोबर दिसतं. प्रवेशाची पडताळणी, शिष्यवृत्तीची पडताळणी, मतदार यादीची पडताळणी, झाडं लावल्याचे फोटो, त्या फोटोंवर अक्षांश-रेखांश, आणि ते सगळं पोर्टलवर चढवताना पोर्टल झोपलेलं. शिकवणं उरल्या वेळात. मी वनस्पतिशास्त्राची प्राध्यापक, पण गेल्या काही वर्षांत मी जितकी रोपं लावताना फोटो काढून घेतलेत, त्यांच्या निम्म्या रोपांना तरी कुणी पाणी घातलं का ते मला माहीत नाही. सहकारी म्हणतात, आपण प्राध्यापक कसले, पगारी कारकून आहोत. त्यात तथ्य आहे. पण असं म्हणताना आम्ही सगळे पंख्याखाली बसलेले असतो हेही तितकंच खरं. खरं शिकवण्याचं काम त्या काळात दाराजवळच्या टेबलावर गेलं होतं, आणि ते करणाऱ्यांना 'हे माझं काम आहे' असं म्हणण्याचा हक्क नव्हता.

मी एकदा एका सहकारी बाईंजवळ हे सगळं बोलून पाहिलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही नसत्या आलात तर दुसरं कोणी आलं असतं. त्यात तुमचा काय दोष?" बरोबर आहे. दुसरं कोणीही आलं असतं. पण आले मी, आणि नानांनी मला सांगितलेलं होतं.

संतोष सात महिने घरी होता. पुढे त्याला बागलीला जागा मिळाली, तीही अतिथीचीच, म्हणजे मिळाली असं म्हणायचं. गुरुपौर्णिमेला त्याचा फोन एकाही वर्षी चुकला नाही. नाना आणखी दोन वर्षं होते. माझ्या हातून जेवले, माझ्या मांडीवर डोकं ठेवून गेले. मला जे हवं होतं ते मला पूर्ण मिळालं, त्यात खोट काढायला जागा नाही. मधूनच ते अडखळत विचारायचे, "जा... धव?" मी म्हणायचे, लांब बदली झाली त्याची. ते मान हलवायचे. नाना गेले त्या दिवशी संतोष बागलीहून मोटरसायकलवर आला आणि त्याने खांदा दिला. घरातल्या माणसासारखा उन्हात अनवाणी चालला. मला त्या वेळी रडू आलं ते नानांसाठी असं सगळ्यांनी धरलं.

तर शेवटी मी परवा बागलीला गेले. तो फाटकाशी उभा होता. केस कानांवर पांढरे झालेत, चष्मा आलाय. प्रयोगशाळा छोटी, पण काच लख्ख, फुलं ओल्या कापडात, प्रत्येक मुलापुढे स्वच्छ ब्लेड. तिथे सहीसुद्धा तोच करतो, कारण त्या विषयाला दुसरं कोणी नाहीच. एका मुलीला मी विचारलं, देठाचा काप इतका पातळ का हवा? ती म्हणाली, "क्योंकि मोटा काटेंगे तो अपनी ही छाया दिखेगी, पौधा नहीं." हे वाक्य माझं. धारला मी ते संतोषच्या वर्गाला सांगायचे. मी पुढचा प्रश्न विचारायचाच विसरले, आणि ती बिचारी आपलं चुकलं की काय म्हणून संतोषकडे बघायला लागली.

जेवणाच्या वेळी त्याने डबा उघडला. मला वाटलं होतं तो घरी नेईल. पोळ्या थोड्या करपलेल्या होत्या, त्याच्या हातच्या असाव्यात. "पक्क्या जागांची नवीन भरती निघालीय म्हणे," मी म्हणाले. "इथली जागा?"

"यादीत आहे मॅडम." तो हसला. "आता सवय झाली. मुलांना पण बोलून ठेवलंय, सर बदलतील तर रडायचं नाही, नोट्स लिहून घ्या."

मी म्हणाले, मी कोणाशी तरी बोलून बघते. कोणाशी, ते मलाही माहीत नव्हतं. त्याने "हो हो" म्हणून माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

चारच्या सुमारास त्याने मला मोटरसायकलवरून चापड्याच्या चौफुलीवर आणलं. देवासची बस यायची होती. उसाच्या रसाच्या गाड्याजवळ सावली होती, तिथे आम्ही उभे राहिलो. गव्हाच्या ट्रॉल्या एकीमागे एक जात होत्या. रुमालाने चष्मा पुसत तो म्हणाला, "मॅडम, एक विचारायचं होतं. बरं नाही वाटत, पण."

"विचार ना."

"त्या टायमाला, फॉर्म भरताना, तुम्हाला पता होतं का की त्या कॉलेजात मी आहे? मी फक्त नानांना बोललो होतो. तुम्हाला सांगितलं नव्हतं, म्हटलं एक दिवस घरी आल्या की सरळ कॉलेजातच घेऊन जातो, लॅब दाखवतो. नानांनी सांगितलं होतं का तुम्हाला?"

रस्त्याच्या वळणावर बस दिसायला लागली होती. माझ्याकडे तेवढा वेळ होता. खरं सांगायला एक शब्द पुरे होता, आणि तो माझ्या तोंडाशी आलाही होता.

"नाही रे," मी म्हणाले. "राहून गेलं असेल त्यांच्याकडून. लगेच आजारी पडले ना."

त्याने खांदे खाली सोडले. इतका वेळ ते वर ओढून धरलेले होते हे मला तेव्हा दिसलं. "मी बोलतच होतो," तो म्हणाला. "वर्षा ऐकतच नाही. माझी बायको म्हणते, मॅडमला सब मालूम होतं. आठ साल झाले, ह्याच्यावरून भांडतो आम्ही. तुम्ही आलात तर घरी नको आणू, असं पण बोलली आज. मी म्हणतो, मैडम को पता होता तो एक फोन तो करतीं ना. आता जाऊन सांगतो तिला, मी स्वतः विचारून आलोय."

"सांग," मी म्हणाले.

बस थांबली. त्याने माझी पिशवी वर चढवली, कंडक्टरला म्हणाला, "भिया, हमारी मैडम हैं, खिड़की दे देना." बस निघाली तरी तो रस्त्यात उभा राहून हात हलवत होता. इतका मोकळा हसताना मी त्याला धार सोडल्यापासून पाहिलेलं नव्हतं.

हे सगळं मी मराठीत लिहिलं आहे. संतोष घरी मराठी बोलतो, पण त्याची शाळा पहिल्यापासून हिंदीत झाली. मराठी छापलेलं समोर आलं तर दोन ओळींपुढे तो जात नाही. मला हिंदी चांगली लिहिता येते.